सापळ्याचा खुंटा

(ग्रामस्थ, शिक्षक व वन कर्मचारी यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘सापळ्यांचे खुंटे व साखळ्या’ असा छापला आहे. तो वाचून काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. ज्या खात्याचे काम शिकार थांबवणे, त्या खात्याने सापळा कसा बांधावा हे कशासाठी सांगावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात येईल. तूर्त एवढेच सांगतो की, जनावर सापळ्याच्या तोंडात अडकते, पण जागेवर राहते ते सापळ्याच्या दुसऱ्या टोकामुळे. ते टोक कशाला बांधले आहे, यावर जनावराचे आणि पुष्कळदा त्याच्याजवळ जाणाऱ्या माणसाचेही प्राण अवलंबून असतात.

या दुसऱ्या टोकाचा विचार सर्वांत बारकाईने झाला तो उत्तर अमेरिकेत. तेथे लवदार कातड्यांसाठी जनावरे धरण्याचा धंदा साडेतीन शतकांहून अधिक जुना आहे. हडसन्स बे कंपनीला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली ती १६७० साली. बीव्हर नावाच्या पाणथळीत राहणाऱ्या जनावराच्या केसांचा नमदा करून युरोपातील टोप्या बनत आणि या कंपनीचा व्यापार मुख्यतः त्याच कातड्यांवर उभा राहिला. पुढे एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा वसाहतीत सीवेल न्यूहाउस या कारागिराच्या धाटणीचे पोलादी चाप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. पाय धरणारा हा चाप जमिनीला साखळीने जखडलेला असे. आजही कॅनडात व अमेरिकेच्या अनेक राज्यांत परवाना घेऊन असे सापळे लावले जातात. त्या धंद्याची भलामण मी करणार नाही. युरोपीय समुदायाने १९९१ साली नियम करून पाय धरणाऱ्या चापांचा वापर १९९५ पासून बंद केला, तो त्यातील क्रौर्य पाहूनच. परंतु त्या लोकांनी अनुभवाने मिळवलेले ज्ञान आपल्या उपयोगाचे आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

आता खुंट्याकडे वळू. गाईम्हशी बांधणाऱ्या माणसाला यातील निम्मी विद्या जन्मजात ठाऊक असते. दावे खुंट्याच्या डोक्याला बांधले तर खुंटा हलून हलून उपटतो. तेच जमिनीलगत बांधले तर टिकतो. डोक्याशी ओढ बसली म्हणजे खुंटा तरफेसारखा काम करतो आणि भोवतालची माती आपणच उकरतो. अमेरिकेतील सापळेवाले लोखंडी सळईचा खुंटा वापरतात. अर्धा इंच जाडीची, दीड ते दोन फूट लांबीची सळई ते घणाने इतकी ठोकतात की तिचे डोके मातीच्या पातळीखाली जाते. साखळी तिथूनच निघते, म्हणून तरफ होण्यास वाव राहत नाही.

हे झाले घट्ट चिकणमातीचे. भुसभुशीत जमिनीत, विशेषतः पुळणीत, तेवढी सळई लोण्यातील सुरीसारखी निघून येते. तिथे लांब सळई घेतात, किंवा दोन सळया एकाच कडीतून एकमेकींना छेद देतील अशा तिरप्या ठोकतात. जनावराने एका बाजूला ओढ दिली की एक सळई सुटू पाहते, पण तीच ओढ दुसरीला मातीत अधिक रुतवते. ज्यांनी पावसाळ्यात तंबू ठोकला असेल त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अलीकडे एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. त्याला मी जमिनीतला नांगर म्हणेन. पोलादी तारेच्या दोराला टोकाशी एक लहानशी पाचरीसारखी पट्टी जोडलेली असते. एका सळईने ती पट्टी उभी जमिनीत ठोकत नेतात, सळई काढून घेतात आणि मग दोर वर ओढतात. ओढताक्षणी पट्टी आत आडवी होते. नंतर जनावराने कितीही हिसके दिले तरी पट्टीवरच्या मातीचा सारा भार त्याला उचलावा लागतो. खुंटा मातीच्या घर्षणावर टिकतो, हा नांगर मातीच्या वजनावर टिकतो. म्हणून वजनाला हलका असूनही मऊ जमिनीत तो सळईपेक्षा सरस ठरतो. खडकाळ जमिनीत मात्र तो निरुपयोगी. पट्टी खोल जातच नाही, आणि गेली तरी आडवी व्हायला जागा मिळत नाही. आपल्या जांभ्याच्या पठारावर कोणी असा नांगर ठोकून दाखवावा!

जिथे काहीच ठोकता येत नाही, तिथे लोढणे कामाला येते. ओढाळ गुराच्या गळ्यात आपण लाकडाचा ओंडका अडकवतो, तीच ही कल्पना. सापळ्याची साखळी जमिनीला न बांधता सहा-आठ फूट लांब ठेवतात आणि तिच्या टोकाला विहिरीत पडलेला पोहरा काढण्याच्या गळासारखा दोन आकड्यांचा गळ लावतात. जनावर पळते, गळ मागून घसटत जातो आणि पहिल्याच झुडपात अडकतो. झुडूप लवचिक असल्यामुळे हिसका सौम्य बसतो. मात्र मोकळ्या माळावर गळ अडकायला काही नसेल तर जनावर सापळ्यासकट दूर निघून जाते आणि कुठेतरी तडफडून मरते. म्हणून जाणते लोक झाडी पाहूनच लोढणे वापरतात.

साखळीत आणखी एक वस्तू असते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच. ती म्हणजे भोवरकडी, जिला इंग्रजीत स्विव्हल म्हणतात. अडकलेले जनावर खुंट्याभोवती फेऱ्या घालते, लोळण घेते. साखळीत भोवरकडी नसेल तर साखळीला पीळ पडत जातो, ती आखूड होते आणि अखेर सारा पीळ पायावर येतो. हाड मोडते ते पुष्कळदा चापाने नव्हे, या पिळाने. बऱ्या सापळ्यात दोन-तीन भोवरकड्या असतात: एक सापळ्याशी, एक मध्ये, एक खुंट्याशी. आपल्याकडे लांडग्यांना रेडिओ पट्टा लावून अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी रबरी अस्तराचे चाप परवानगीने वापरले आहेत. तिथेही जनावर धडधाकट सोडायचे असेल तर अस्तराइतकेच लक्ष साखळीकडे द्यावे लागते.

शिक्षक मंडळींसाठी थोडे गणित सांगतो. वर्गात फळ्यावर मांडता येईल. कोयोट हे आपल्या कोल्ह्याहून थोडे मोठे जनावर. त्याचे वजन १४ किलो धरा आणि साखळी ताणली जाते त्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर धरा. गतिज ऊर्जा होते १७५ ज्यूल. साखळीने त्याला ५ सेंटिमीटरांत थांबवले तर सरासरी हिसका ३५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलो वजनाइतका. तेच थांबणे २५ सेंटिमीटरांत झाले, तर ७०० न्यूटन, म्हणजे ७० किलोंच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, कारण जनावराचे सारे अंग एकदम थांबत नाही. पण यावरून दोन गोष्टी उघड होतात. आखूड साखळीत धाव घ्यायला जागा नसते, म्हणून वेगच कमी राहतो. आणि लांब साखळी ठेवायचीच असेल तर मध्ये स्प्रिंग किंवा लवचिक झुडूप हवे. लांब साखळी आणि अढळ खुंटा ही जोडी सर्वांत वाईट.

आणि दुर्दैवाने आपल्या रानात सर्रास सापडते ती याहून वाईट जोडी. आपल्याकडची फासकी म्हणजे बहुधा मोटारसायकलच्या क्लचची किंवा सायकलच्या ब्रेकची तार. तिला भोवरकडी नाही, स्प्रिंग नाही, आणि दुसरे टोक जिवंत झाडाच्या बुंध्याला किंवा कुंपणाच्या खांबाला करकचून आवळलेले. ती लावलेली असते रानडुकरासाठी. डुकरे पिकाचे किती नुकसान करतात ते तुम्ही मला सांगायला नको. त्या नुकसानीची दाद वेळेवर लागत नाही ही तुमची तक्रारही मी खोटी म्हणणार नाही. पण तार माणसाच्या मनातले जाणत नाही. काजूच्या बागेच्या कडेने जाणारा बिबट्या तिच्यात कमरेशी अडकतो. तो पुढे ओढ घेतो तसतशी ती आवळत जाते. पूर्ण वाढलेला बिबट्या पन्नास-साठ किलोंचा, म्हणजे मघाच्या कोयोटाच्या चौपट. हिसकाही चौपट धरा. मग तीनपैकी एक होते: तार मांसात रुतते, तार तुटते, किंवा खांब उपटतो.

बिबट्या अडकल्याची बातमी आली की गावात काय होते, ते आपण सारे जाणतो. मोबाइल घेऊन शंभर माणसे गोल करून उभी राहतात. बिबट्या प्रत्येक बाजूच्या माणसांवर झेप घेतो आणि प्रत्येक झेपेला तार निराळ्या दिशेने ओढली जाते. एकाच दिशेने ओढला तर खांब कदाचित दिवसभर टिकेल. पण चारी दिशांनी हलवला की त्याच्या बुडाशी पोकळी होते. जुन्या कुंपणाचे लाकूड नेमके जमिनीच्या पातळीशी कुजलेले असते. वरून खांब भक्कम दिसतो. म्हणून खात्यातील सहकाऱ्यांना माझे सांगणे आहे की, जागेवर पोहोचताच आधी दुर्बिणीतून तारेचे दुसरे टोक शोधा. ते जिवंत झाडाच्या मुळाशी आहे, की खांबाला, की सुट्या ओंडक्याला, हे कळल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नका. ओंडका असेल तर ते लोढणे आहे आणि बिबट्या बांधलेला नाही, नुसता जड झालेला आहे. तो तुमच्या दिशेने चालत येऊ शकतो.

ग्रामस्थांना विनंती अशी की, सर्वांनी एकाच बाजूला, शक्य तितके लांब आणि जनावराच्या नजरेआड राहावे. ही शिस्त खात्याच्या सोयीसाठी नाही. तो खांब टिकावा यासाठी आहे. बेशुद्धीचे इंजेक्शन बंदुकीने मारल्यावर जनावर लगेच झोपत नाही. पाच-दहा मिनिटे किंवा त्याहून अधिक जातात, आणि सुई टोचताक्षणी ते जी उडी घेते ती बहुधा सर्वांत जोराची असते. सर्वाधिक धोका तेव्हाच असतो. लोक मात्र नेमके त्याच वेळी, डॉक्टरांनी काम केले असे समजून, पुढे सरकतात.

फासक्या शोधण्याच्या कामातही हेच ज्ञान उपयोगी पडते. पाल्यात लपवलेला फास दिसत नाही. तार बांधल्याची खूण दिसते. सालीवर घासल्याचा पट्टा, बुंध्याभोवती वळलेली चकचकीत तार, कुंपणाखालून डुकरांनी पाडलेल्या वाटेशेजारचा नवा खुंटा, विनाकारण आडव्या रचलेल्या काट्या. म्हादई व नेत्रावळी या १९९९ साली घोषित झालेल्या अभयारण्यांच्या कडेला, तसेच सीमेपलीकडे खानापूरच्या रानालगत जिथे बागा आणि जंगल एकमेकांना भिडतात, तिथे कुंपणाच्या रेषेने, झाडांच्या बुडाकडे पाहत चालावे. रानाच्या मधोमध हिंडून फारसे काही हाती लागत नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच फासात धरणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते. जनावर अडकले नाही म्हणून गुन्हा होत नाही, असा समज कोणी बाळगू नये. तसेच लवदार जनावरांचा व्यापार फक्त परदेशात चालतो, हाही एक गैरसमज आहे. पाणमांजराची कातडी आपल्या देशातूनही चोरट्या वाटेने गेली आहेत. मुंगसाच्या केसांचे चित्रकलेचे ब्रश तर कित्येक वर्षे शाळांतून वापरले जात होते. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने २०१९ साली देशभर ‘क्लीन आर्ट’ नावाची मोहीम काढून असे ब्रश जप्त केले. शाळेच्या कपाटातील ब्रश कशाचे आहेत, ते चित्रकलेच्या शिक्षकांनी एकदा पाहून घ्यावे. कृत्रिम केसांचे ब्रश सर्वत्र मिळतात.

शेवटी एक कामाची सूचना. रिकामी फासकी सापडली म्हणजे आपले लोक उत्साहाने फासाची गाठ कापून टाकतात आणि बुंध्याला वळलेला तुकडा तसाच राहतो. लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच तुकड्याला नवी तार जोडतो. त्याचे अर्धे काम आपण वाचवलेले असते. ग्रामस्थांना फासकी दिसली तर हात न लावता वनरक्षकाला जागा दाखवावी. वनरक्षकाने आधी दोन्ही टोकांची छायाचित्रे घ्यावीत, पंचनाम्यात तार कशाला व कशा गाठीने बांधली होती हे लिहावे आणि मग तार बुंध्यापासून सबंध उलगडून जप्त करावी. गाठ कापू नये. एकाच हाताची गाठ चार ठिकाणी सारखी निघते, आणि तपासाला तीच उपयोगी पडते. तारेसाठी मुद्दाम ठोकलेला खुंटा असेल तर तोही उपटून बरोबर आणावा.