उन्हाचा जमाखर्च
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांचा आढावा सचिवांनी घेतलाच आहे, तो मी पुन्हा घेत नाही. मला दिलेला विषय आहे हवेतली उष्णता. जानेवारीत, अंगावर शाल असताना, उन्हाळ्यावर बोलायचं म्हणजे गंमतच. पण आपल्या आर्वीत सगळे निर्णय मे महिन्यात "काय तपून राह्यलं बाप्पा!" म्हणत घाम पुसताना घेतले जातात, तेव्हा उशीर झालेला असतो.

मी बँकेतला माणूस, म्हणून हिशेबानेच सांगतो. सूर्याकडून पृथ्वीला शंभर रुपये आले असं धरा. त्यातले साधारण ३० ढग, धूळ, जमीन यांवरून परत जातात. हवा आणि ढग मिळून २३ च्या आसपास ठेवून घेतात. उरलेले ४७ जमिनीच्या आणि समुद्राच्या खात्यात जमा होतात. म्हणजे हवा मुख्यतः वरून तापत नाही, खालून तापते. आधी जमीन तापते, तिला चिकटलेला हवेचा पातळ थर तापतो, तो हलका होऊन वर जातो आणि त्याच्या जागी दुसरी हवा येते. एप्रिलमधल्या वावटळी आणि पंख न हलवता गोल फिरणाऱ्या घारी हे त्याचेच पुरावे. शिवाय तापलेली जमीन न दिसणारे उष्ण किरण सोडते. ते हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवून ठेवतात. म्हणूनच ढगाळ रात्र उबदार असते.

सूर्य डोक्यावर येतो बाराच्या सुमारास, मग कमाल तापमान तीनच्या पुढेमागे का? तर बारानंतरही काही तास जमा खर्चापेक्षा जास्त असते. तोवर शिल्लक वाढतच राहते.

वर गेलेली हवा फैलावते आणि थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून पाहा, बोटाला गार लागते. सरासरी एका किलोमीटरला साडेसहा अंश. चिखलदरा आपल्याहून साधारण ८०० मीटर उंच, म्हणजे पाचेक अंशांचा फरक तिथेच पडला. हिवाळ्यात उलटा प्रकार. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, खालची हवा गार आणि वरची उबदार, म्हणून शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. उद्या पहाटे फिरायला जाल तेव्हा बघा.

आकड्यांबद्दल एक सांगतो. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा सावलीतला, हवेशीर पांढऱ्या पेटीतला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवरचा. उन्हातली फरशी याहून कितीतरी जास्त तापते. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा मोबाइलवर कोण गहजब! नंतर हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचं सांगितलं, पण तो निरोप मात्र कोणी पुढे पाठवला नाही.

आता आपल्या अंगणाकडे येतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते. कूलरने दिवसभरात चाळीस लिटर पाणी उडवलं तर जवळजवळ २७ युनिटांची उष्णता हवेतून काढली. (जुलैत हाच कूलर नुसता दमटपणा करतो, कारण हवाच आधी वाफेने भरलेली असते.) मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते, वाफ करायला ओल उरत नाही, आणि सगळी उष्णता थेट हवा तापवण्यात जाते. वरून राजस्थानकडचे कोरडे वारे. नवतपा असा जमून येतो.

अशा वेळी खोलवरचं पाणी ओढून पानांतून सोडणारं झाड म्हणजे वीजबिल नसलेला कूलर. सभेपुढे प्रस्ताव आहे की मागचे दोन कडुनिंब काढून गाड्यांसाठी सिमेंटचे ठोकळे बसवावेत. गाड्या वाढल्यात, अडचण खरी आहे. पण ठोकळे दिवसभर उष्णता जमा करतील आणि ती काढतील रात्री, तुमच्या-आमच्या खिडक्यांसमोर. सावली गेली ती गेलीच. माझं मत प्रस्तावाच्या विरोधात पडेल. गाड्या झाडांच्या मधोमध तिरप्या लावल्या तर किती बसतात, ते खडूने आखून बघू.

दुसरं, स्लॅब. काँक्रीट उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, म्हणून वरच्या मजल्यावरचं छत रात्री आठ-नऊला सर्वांत जास्त जाचतं. तिथे राहणाऱ्यांपैकी चार जण सत्तरीपुढचे आहेत. मीही त्यांतलाच, म्हणजे स्वार्थ आहे हे कबूल. पांढरा चुना ऊन परत पाठवतो, छताच्या खात्यात जमाच कमी होते. मार्चअखेर गच्ची झाडून दोन हात द्यावे लागतील. गच्चीचं माप आणि चुन्याचा अंदाजपत्रकी कागद मी सचिवांकडे दिला आहे. वर्गणी सर्व मजल्यांवर सारखी की फक्त वरच्यांवर, हे सभेने ठरवावं.