गोदाकाठी स्वागत

आदरणीय परिषदाध्यक्ष, राज्यभरातून आलेले अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि माझ्या नाशिककर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. रामकुंड आणि काळाराम मंदिर आपण पाहालच, पण आमचे सार्वजनिक वाचनालय पाहिल्याशिवाय नाशिक सोडू नका, ही माझी आग्रहाची विनंती. देशात पहिली प्रवासी आगगाडी धावली १८५३ साली. वाचनालय १८४० सालचे! इतक्या पिढ्यांनी ते जपले, आणि त्यातल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांना आज मी या व्यासपीठावरून वंदन करतो.

आपल्या शास्त्राशीही आमचे नाते आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म या जिल्ह्यातल्या निफाडचा. उद्योग उभारणीत सरकारने पुढाकार घ्यावा, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते.

परिषदेचा विषय सरकारी कारखान्यांतील एकाधिकार आणि स्पर्धा. नाशिकरोडचा प्रेस १९२५ सालचा. टपाल तिकिटे छापण्यात त्याला देशात प्रतिस्पर्धी नव्हता. तरीही १९४८ ची गांधीजींची तिकिटे स्वित्झर्लंडहून छापून आणावी लागली, कारण फोटोग्रॅव्ह्युअरची यंत्रे येथे नव्हती. १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीराबाई यांची तिकिटे त्याच तंत्राने नाशिकमध्ये छापली गेली. स्पर्धेवाचून कारखाना झोपी जातोच असे नाही, हे मी अभिमानाने सांगतो. नोटांच्या छपाईत मात्र १९९९ पासून म्हैसूर आणि पुढच्या वर्षी सालबोनी येथे रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे छापखाने आले. आता खर्च आणि दर्जा ताडून पाहता येतो, आणि हे चांगलेच झाले. ओझरच्या विमान कारखान्याचे मुख्य गिऱ्हाईक एकच, हवाई दल. तिथे भाव कशावरून ठरावा, हे आपणच आम्हाला सांगावे.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागाव्या लागल्या, सकाळी गरम पाणी सर्वांना पुरले नाही, नाशिकरोडहून येणारी बस उशिरा पोहोचली. या साऱ्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. पिंपळगावच्या बागाईतदारांनी द्राक्षे पाठवली, सराफांनी आणि भांडी बाजारातील व्यापाऱ्यांनी भोजनखर्च उचलला, प्रेसमधील निवृत्त कामगारांनी स्वयंसेवकांचे काम अंगावर घेतले, महाविद्यालयाने सभागृह विनामूल्य दिले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. काही अडचण आल्यास संकोच न करता स्वागतकक्षात सांगावे.

आता अध्यक्षांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे, अशी त्यांना नम्र विनंती करतो.