बाज विणायला या

(जिल्हा बैठकीच्या सकाळच्या सत्रातील भाषण)



माझ्या नावापुढे विषय छापला आहे 'शेतकऱ्याची हौस'. तो वाचून मागच्या रांगेतले दोघे हसले, ते मी पाहिलं. हसण्यासारखंच आहे. कापसाचा भाव, पीकविमा, थकलेलं कर्ज, हे सगळं सोडून हा माणूस हौसेवर काय बोलणार? भावावर दुपारी बोलायचंच आहे, आकडे घेऊन आलो आहे. त्याआधी मला अर्धा तास द्या.

आपल्या भाषणांत शेतकरी एक तर रडतो, नाही तर लढतो. तिसरं काही करताना तो दिसतच नाही. मी स्वतः शेकडो सभांतून असाच शेतकरी उभा केला. सरकारच्या कागदावर तो लाभार्थी, बँकेच्या कागदावर थकबाकीदार, औषध कंपनीच्या वहीत गिऱ्हाईक. शेतकीची पदवी घेतल्यावर काही वर्षं मी एका कंपनीसाठी गावोगाव औषधं विकत हिंडलो, ती वही मी पाहिली आहे. तिच्यात 'याला पोहायची आवड आहे', 'हा दोर झकास वळतो' असा रकाना नव्हता. आपल्या संघटनेच्या वहीतही तो नाही.

तुम्ही म्हणाल, हौस करायला वेळ कुठे आहे? भावांनो, हिशेब करू. आपण कोरडवाहू माणसं. गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायचं तर डिसेंबर-जानेवारीत कापूस शेतातून निघाला पाहिजे, फरदड ठेवायची नाही, हे मी तुम्हाला घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो. ज्याने ऐकलं त्याचं शेत जानेवारीत मोकळं झालं. पेरणी जूनमध्ये. मधल्या महिन्यांत नांगरणी-वखरणी, धसकटं वेचणं, लग्नकार्य, मजुरी सगळं धरलं तरी संध्याकाळी आपल्याच असतात. त्या जातात कुठे? पानटपरीवर आणि मोबाइलवर. वेळ आहे. सोबत राहिलेली नाही.

पूर्वी सोबत कामातूनच मिळायची. सावड होती, इर्जिक होती, एकेका बैलाची वारंगुळा होती. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. नगदी मजुरी आली, ट्रॅक्टर आला आणि ते मोडलं. मी त्याच्या नावाने गळा काढणार नाही. ट्रॅक्टरने आपली कंबर वाचवली, आणि जुन्या सावडीत ज्याचं शेत मोठं त्याचाच फायदा मोठा असायचा, हेही खरं आहे. पण शेतातली सावड गेली तेव्हा तिच्याबरोबर घरातलीही गेली, ती जायला नको होती. घर शाकारणं, गोठ्याचं कूड घालणं, बाज विणणं, यासाठी मित्राला हाक मारायची लाज वाटू लागली. आता आपण मजूर लावतो, आणि पैसे नसले तर काम तसंच पडून राहतं.

आणि हे फक्त पुरुषांचं झालं. माझ्या मायबहिणींकडे बघा. उन्हाळ्यात कुरडया करायच्या झाल्या की चार घरच्या बाया पहाटे एका अंगणात जमतात. गहू तीन दिवस भिजलेले, चीक चुलीवर रटरटतोय, एक ढवळते, एक सोऱ्या दाबते, दोघी वाळत घालतात. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही आणि 'मला मदत करशील का' असं कुणी ओशाळून विचारत नाही. ऊन चढेपर्यंत काम संपतं आणि गावातल्या सगळ्या बातम्याही संपतात. सावड मेली म्हणणाऱ्याने एप्रिलमध्ये सकाळी सहाला आपल्याच अंगणात डोकावून पाहावं.

कुरडयांवरूनच माझी गोष्ट सुरू होते.

2017 चा खरीप तुम्ही विसरला नसाल. गुलाबी अळीने बोंडंच्या बोंडं आतून खाल्ली. वरून हिरवंगार पीक, फोडलं की कवडी. आमच्या गावातला माझा लहानपणापासूनचा मित्र, आम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलो, त्याने उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली. त्यानंतर तो पारावर यायचा बंद झाला. लग्नाला नाही, भजनाला नाही. भेटला तर 'बरं आहे' म्हणून पुढे जायचा. आम्ही दोघं-तिघं दोनदा त्याच्या घरी गेलो. 'हिंमत ठेव, आम्ही आहोत', जे बोलतात ते सगळं बोललो. पहिल्यांदा त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा 'गुरं सोडायची आहेत' म्हणून उठून गेला. दुपारचे दोन वाजले होते. मी गावोगाव सभा घेणारा माणूस, हजार माणसांसमोर बोलतो, आणि माझ्या मित्रापुढे माझ्याकडे शब्द नव्हता. घरी परतताना भीती वाटत होती. कसली, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला कळतं.

एप्रिल आला. बायकोने सांगितलं, "बाज पार झोळी झाली. या वर्षी विणून द्या, नाही तर कुरडया वाळू घालू कुठं?" मी म्हणालो, बाजारातून नायलॉनची पट्टी आणतो. ती म्हणाली, नायलॉनवर रात्री अंग पोळतं, आणि तुमच्या मित्राच्या वडिलांनी विणलेली बाज वीस वर्षं टिकली होती.

मी मित्राकडे गेलो. या वेळी धीर द्यायला नव्हतो गेलो. म्हणालो, "बाज विणायची आहे, मला येत नाही." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाख कुठं आहे?"

वाख नव्हताच. गावात अंबाडी पेरणं कधीच बंद झालं होतं. पूर्वी ज्वारीच्या कडेने तिचे तास असत. पोळ्याला बैलाची म्होरकी, दावं, कासरा घरच्याच वाखाचा असायचा. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, बैलही कमी झाले, तशी अंबाडी गेली. अखेर एका म्हाताऱ्या बाबांच्या घरात माळ्यावर जुन्या वाखाची एक पेंडी सापडली. ती अर्ध्या बाजेपुरती. बाकीची सुतळी आणली.

संध्याकाळी तो आला. पारावरचे आणखी दोघे आले, एकाला दोर वळता येत होता, दुसरा नुसता चहा प्यायला. वाख ओला करून मी पीळ द्यायला बसलो. हातभर वळला आणि सोडला, तर सगळा उलगडून गेला. मित्र बघत होता. म्हणाला, "लेका, तू अ‍ॅग्रिकल्चर शिकला न? उलटा पीळ देऊन राह्यला." पदराला ज्या बाजूने पीळ दिला, त्याच्या उलट बाजूने ते पदर एकमेकांत वळायचे, म्हणजे दोर स्वतःलाच धरून ठेवतो. माझ्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कुठे नव्हतं. चौघंही हसले. कित्येक महिन्यांनी तो हसला होता, आणि तेही मला हसला, याचं मला काही वाटलं नाही.

बाज एकट्याने विणता येत नाही असं नाही, पण तिची खरी मजा दोघांत आहे. एक इकडून दोर सारतो, दुसरा तिकडून ओढून ताण धरतो. नजर दोरावर असते, माणसाकडे नसते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायथ्याची ताणाची दोरी भरत असताना तो मान खाली घालूनच बोलू लागला. बँकेचं किती, सावकाराचं किती, कुणाला काय कबूल केलं. आम्ही कुणी हात थांबवला नाही. थांबवला असता तर तोही थांबला असता, असं मला वाटतं. पुढे त्याच्या कर्जाचं काय केलं ते दुपारच्या सत्रातलं बोलणं आहे. त्याचं कर्ज बाजेने फिटलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण त्या रात्रीपर्यंत त्याने आकडा कुणालाच सांगितला नव्हता, बायकोलाही नाही.

भावांनो, आपण अडचणीतल्या माणसाकडे मदत द्यायला जातो. त्याला आधीच आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटत असतं, आणि आपण जाऊन तेच पक्कं करतो. मी त्याच्याकडे मदत मागायला गेलो, तेव्हा तो उठला. आणि मागताना खोटं नव्हतं, मला खरंच बाज विणता येत नव्हती. खोटं मागणं त्याला लगेच कळलं असतं.

त्या जूनमध्ये आम्ही चौघांनी ज्वारी पेरली, प्रत्येकाने थोडी, आणि कडेने अंबाडी. ज्वारी पेरायची म्हणजे रोही आणि रानडुकरं आली, जागल आली. तेच तर हवं होतं! झटका मशीन आल्यापासून जागल बंद झाली. मचाणावर आळीपाळीने दोघं-दोघं रात्री बसायचं, डबा पत्र्यावर बडवायचा, आणि मधल्या वेळात बोलायचं. थोडा वाणीचा तासही टाकला होता. कणसं दुधातून चिकात, चिकातून थोडी घट्ट झाली की गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळायची, जवसाची चटणी, गूळ, आणि वर ताक. तिकडे पुण्याजवळ शहरातली माणसं ताटाला पैसे मोजून हुरडा खातात. खाऊ द्या, तिथल्या शेतकऱ्याला पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण ज्याच्या बापजाद्यांनी फुकट खाल्ला तो आपण सोयाबीनच्या धुऱ्यावर उभा राहून मोबाइलमध्ये त्याचे फोटो बघतो.

दिवसा भोरड्यांचे थवे. आमच्यातल्या एकाच्या मुलाने वही केली, दिसेल तो पक्षी लिहायचा. कोतवाल, नीलपंख, वेडा राघू, गायबगळा. मारुती चितमपल्ली साहेबांचा पक्षीकोश शाळेच्या कपाटात कुलपात होता, तो गुरुजींनी काढून दिला. वनखात्यात नोकरी करत हिंडलेल्या त्या माणसाने, 2025 साली ते गेले, मराठीत पाखरांची नावं जमवून ठेवली नसती तर आमच्या पोराने अर्धे पक्षी 'लहान काळा', 'मोठा काळा' असे लिहिले असते. भोरडी मध्य आशियाकडून येते हे कळल्यावर माझा मित्र गोफण हातात धरून म्हणाला, "एवढ्या दुरून आली, खाऊ दे दोन कणसं." दोन कणसांवर ती थांबत नाही, गोफण फिरवावीच लागली. आता कृषी पदवीधर म्हणून एक सांगून ठेवतो. कपाशीत पक्षीथांबे लावा, कोतवाल हिरवी अळी, पानं खाणारी अळी टिपतो. पण गुलाबी अळी बोंडाच्या आत असते, तिथे त्याची चोच पोचत नाही. थांबे लावून गुलाबी अळी जाते असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

अंबाडी फुलावर आली की कापायची. पेंड्या बांधून साचलेल्या पाण्यात बुडवायच्या, वर दगड. पाणी उबदार असेल तर दहा-बारा दिवस, थंडी असेल तर वीसही लागतात. साल हाताने अलगद सुटली की काढायची. एक वर्ष आम्ही निवडणुकीच्या गडबडीत चार दिवस उशीर केला, सगळा वाख कुजला, धरला की तुटायचा. आणि पिण्याच्या पाण्यात किंवा मासे असलेल्या डोहात अंबाडी भिजवू नका. पाणी सडतं, वास आठ दिवस जात नाही, भांडणं होतात.

भांडणांचं म्हणाल तर ती झाली. चौघांतला एक धुऱ्याच्या वादावरून निघून गेला, अजून आलेला नाही. मग माझीच एक चूक. मी संघटनेचा माणूस, मला राहवेना. म्हणालो, याचा गट करू, नोंदणी करू, अनुदान बघू. माझ्या मित्राने हातातला दोर खाली ठेवला. म्हणाला, "रजिस्टर आणलं तर म्या उद्यापासून येत नाही." 2016 साली पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांत झाली, पुढे ती खूप तालुक्यांत पसरली. रात्री दिव्यांच्या उजेडात खणणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत, ती मजुरी करणाऱ्यांची तोंडं नव्हती. 2019 नंतर ती स्पर्धा थांबली, आणि मी पाहिलेल्या काही गावांत रात्रीची बैठकही थांबली. बक्षिसासाठी जमलेली माणसं बक्षीस संपल्यावर कशाला जमतील? म्हणून आम्ही रजिस्टर आणलं नाही. आमच्या जमण्याला नावही नाही. गावात 'बाजवाले' म्हणतात.

आतापर्यंत गावातल्या नऊ बाजा झाल्या. एक कूड झालं, एका घरामागे परसबाग झाली, एका विहिरीतला गाळ काढला आणि त्याच दुपारी तिच्यात सूर मारले, पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसांनी. माझा सूर पोटावर पडला.

मित्र आज इथे यायचा होता. काल फोन आला, पलीकडच्या गावातून दोन पोरं दोर वळायला शिकायला येणार आहेत, जमणार नाही. त्याने अंबाडीचं बी पाठवलं आहे. दाराजवळ चहाच्या टेबलाखाली गोणपाटाची पिशवी आहे. हे वाखाचं बी आहे, शरबताच्या लाल बोंडांचं नाही, भाजी मात्र दोन्हींची होते. जूनच्या पेरणीत ज्वारीच्या कडेने टाका. निरोप दिला आहे की बी थोडं आहे, चौघांत मिळून एक मूठ घ्या.