बर्फावरील घर आणि त्यांतील ऊब

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत हिवाळ्यांत सरोवरें गोठतात आणि मासे धरण्यासाठीं लोक चाकांचीं घरें मोटारीनें ओढून बर्फावर नेतात. पायीं चालणारास निदान 4 इंच जाड, स्वच्छ बर्फ लागतो. मोटार व घर यांस त्याच्या कित्येक पट. म्हणून जागोजागीं भोंक पाडून जाडी मोजल्यावांचून पुढें जाऊं नये. मुक्कामावर चाकें वर घेऊन घर खालीं टेकवितात. त्या वेळीं चौकटीखालीं लांकडी ठोकळे घालावे. नाहींतर तळ बर्फाशीं गोठून बसतो.

खरा धोका पुढेंच आहे. आंत प्रोपेन वायूची शेगडी पेटते. हवा कोंडली म्हणजे ज्वलन अपुरें होऊन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां 200 हून अधिक पट घट्ट धरतो. डोकें दुखतें, झांपड येते, आणि निजलेला माणूस पुन्हां उठत नाहीं. यास्तव एक झरोका खालीं व एक वर उघडा ठेवावा आणि या वायूची सूचना देणारें यंत्र आंत टांगावें.

आपल्याकडेही थंडीच्या रात्रीं दारें लावून कोळशाची शेगडी उशाशीं घेणारे आहेतच. त्यांना माझी एवढीच विनंती: थोडी थंडी सोसावी, पण शेगडी विझवून मगच निजावें.