गावाची शिरगणती

गाव केवढे, असे कोणी विचारले, की आपण म्हणतो, "अडीचशे उंबरा आहे." पण उंबरा मोजला म्हणजे घर मोजले. आत माणसे किती? लेकरे किती, बाया किती, म्हातारी किती? ते कळायला शिरगणती करावी लागते. सरकारी कागदांत तिला जनगणना म्हणतात.

१८८१ सालापासून दर दहा वर्षांनी ती होत आली. २०२१ ची मात्र झाली नाही. २०११ साली महाराष्ट्रात ११ कोटी २३ लाख माणसे भरली. त्यांतली ६ कोटी १५ लाख खेड्यांतली होती.

या आकड्यांशी आपल्याला काय करायचे, असे म्हणू नका. ग्रामपंचायतीत सदस्य किती, हे लोकसंख्येवर ठरते. दीड हजारांपर्यंत ७, पुढे तीन हजारांपर्यंत ९. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात मिळतात. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० वस्तीमागे एक, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक, असे प्रमाण आहे. ज्याचे शीर मोजलेच नाही, त्याचा वाटा कोण मागणार?

मग मोजायचे राहते कोण? गावाबाहेर पाल टाकून राहिलेले कुटुंब राहते. मळ्यातले एकटे घर राहते. तान्हे लेकरू राहते. "अजून बारसं झालं नाही, नाव काय सांगायचं?" असे होते. अहो, बारसे नसेल, पण लेकरू तर आहे!

बीडकडची पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला, ऐन तोडणीत झाली. जे ते सगळे दिवस बाहेर होते, त्यांना जिथे होते तिथेच, कोपीवर, मोजायचे होते. गाव म्हणाले, "तिकडे मोजतील," आणि तिकडचे म्हणाले, "ही इथली नव्हेत," तर ते माणूस दोन्हीकडून जाते.

आपल्या गावात अनेक जातींची माणसे राहतात. पण १९३१ नंतर जनगणनेत सर्व जातींचे आकडे निघाले नाहीत. पुढची जनगणना २०२७ ची. तीत सर्वांची जात नोंदायची, असे सरकारने २०२५ साली ठरवले.

शिरगणती म्हणजे आरसा आहे. त्यात आपले व्यंगही दिसते. सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलांमागे महाराष्ट्रात २००१ साली ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४ राहिल्या. निसर्गात मुलगे थोडे जास्त जन्मतात हे खरे, पण एवढी तूट निसर्गाची नव्हे. पोटातली मुलगी ओळखून पाडल्याचा तो हिशेब आहे. गर्भाचे लिंग तपासून सांगणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

काही जण भितात. माहिती दिली तर कर बसेल, रेशन बंद होईल, असे त्यांना वाटते. तसे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने आपली माहिती गुप्त ठेवायची असते. कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही.

मंडळी, आता आपल्याला लिहिता येते. घरातल्या सगळ्यांची नावे आणि वये एका कागदावर लिहून ठेवा. आजीचे नाव लिहा, तान्हीचेही लिहा. शेजारच्या एकट्या म्हातारीला लिहिता येत नसेल, तर तिचा कागद आपण लिहून देऊ. शिरगणतीचे गुरुजी दारात आले, की तो पुढे करू.