तरव्याला लोंबी कशी येईल?

बालवाडीचं वर्ष सुरू झालं की घराघरांत दुरेघी वह्यांची खरेदी होते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मागे गृहपाठ लागतो. मला आज एवढंच म्हणायचं आहे, की बालवाडी ही पहिलीच्या वर्गाची रंगीत तालीम नव्हे. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी खेळांची आणि हस्तोद्योगांची संस्था काढली. १८४० मध्ये तिला नाव दिलं ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग. त्या नावात शाळा हा शब्द नाही, आणि तो चुकून गळलेला नाही. हे नाव केवळ शोभेचंही नव्हतं. तिथे मुलांना स्वतःचा छोटा वाफा असे आणि शिवाय सर्वांचा मिळून एक असे. स्वतःचं जपावं आणि सामाईकही जपावं, हा धडा पाटीवर लिहून देता येत नाही.

आता कोणी म्हणेल, मग काय मुलांनी नुसतं खेळायचं? ‘नुसतं’ हा शब्द इथे फसवा आहे. फ्रोबेल स्फटिकशास्त्र शिकलेले होते. आकारांचं मोल ते जाणत होते. त्यांनी मुलांच्या हाती लोकरीचे रंगीत चेंडू दिले, लाकडी गोल, घन आणि दंडगोल दिले. पुढे असा घन दिला की तो सुटा केला तर आठ छोटे घन निघतात. त्या आठांचे चार-चार करताना मुलाच्या बोटांना अर्धं म्हणजे काय ते कळतं. ‘अर्धा’ हा शब्द लिहिता येण्याच्या कितीतरी आधी. पेन्सिल धरणारी बोटंसुद्धा माती मळून आणि मणी ओवूनच तयार होतात.

भाताचा तरवा तुम्हाला ठाऊक आहे. लहानशा जागेत दाट पेरलेली ती कोवळी रोपं. त्यांच्याकडे कोणी लोंबी मागत नाही. रोज उपटून मुळं किती वाढली तेही कोणी पाहत नाही. पण म्हणून तरवा निरुपयोगी ठरत नाही; लावणीचं सारं पीक त्याच्या जोमावर असतं. पुन्हा सांगते, तरव्याचं काम जोम धरणं, लोंबी धरणं नव्हे. आणि तरवा आपोआपही वाढत नाही. जमीन भाजावी लागते, पाणी राखावं लागतं. खेळाच्या वर्गातल्या बाईंचं काम असंच असतं आणि आपण त्याला ‘पोरं सांभाळणं’ म्हणतो!

याहून वजनदार आक्षेप असा, की ज्यांच्या घरी पुस्तकच नाही त्या मुलांना बालवाडीनंही अक्षरं दिली नाहीत तर ती मागेच राहतील. या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. अशा मुलाला बालवाडीत पुस्तक हाताळायला मिळावं, गोष्टी भरपूर ऐकायला मिळाव्यात, बोलायला मिळावं. माँटेसोरी पद्धतीत तर अक्षरंही येतात; पण ती खरखरीत कागदाची, बोटानं गिरवायची, मूल स्वतः ओढीनं उचलेल तेव्हा. माझा विरोध अक्षराला नाही, सक्तीला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं तेव्हा महागडी साधनं आणली नाहीत. खडे, शिंपले, पानं, बिया घेतल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गरीब मुलाला काय द्यावं, याचं याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

फ्रोबेल यांच्या साधनांचंही पुढे काही ठिकाणी कर्मकांड झालं. ठरलेल्या क्रमानंच ठोकळे मांडायचे, असं. म्हणजे खेळाचीसुद्धा कवायत होऊ शकते. तेव्हा पालकांनो, बालवाडीतून मूल घरी आलं की ‘आज काय लिहिलंस?’ असं विचारू नका. ‘आज काय केलंस?’ एवढंच विचारा, आणि उत्तर लांबलं तर ऐकून घ्या.