भागाकाराची धास्ती



माझ्या आईची बोली उर्दू. लहानपणी ती मला 'जिगर का टुकडा' म्हणायची आणि शेजारची काकू आपल्या लेकराला 'काळजाचा तुकडा' म्हणायची. पुढे मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा ध्यानात आलं की दोघींच्या मनात एकच अवयव होता. जिगर म्हणजे यकृत, आणि मटणाच्या दुकानात आपण काळीज मागतो तेव्हाही तराजूत यकृतच पडतं. माया, हिंमत, दुःख सारं आपण याच अवयवाच्या हवाली केलं आहे. म्हणून रक्ताच्या रिपोर्टवर 'लिव्हर' हा शब्द दिसला की माणूस दचकतो.

आमच्या वरवट बकालकडे दचकायला आणखी एक कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्या संग्रामपूर तालुक्यातली बरीच गावं त्यात येतात. विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट. मूत्रपिंडाच्या विकारानं खंगलेली माणसं आम्ही जवळून पाहिली आहेत. 'क्रिएटिनीन' हा शब्द इथे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतो. कागदावरच्या एका आकड्यानं घराची घडी कशी विस्कटते हे माहीत असल्यामुळे आकड्याला भिणाऱ्या माणसाला मी हसत नाही.

माझे एक शेतकरी मित्र आहेत. माळकरी, साठीला टेकलेले. एका शिबिरात त्यांनी रक्त तपासून घेतलं. एसजीओटी 30, एसजीपीटी 14. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत होते. पण यंत्रानं खाली आणखी एक ओळ छापली होती : दोहोंचं गुणोत्तर 2.14, आणि त्यापुढे वर जाणारा बाण. त्यांच्या मुलानं मोबाइलवर शोधलं. तिथे वाचायला मिळालं की गुणोत्तर दोनच्या वर गेलं तर दारूनं यकृत बिघडल्याची शंका घ्यावी. मुलगा काही बोलला नाही. ते न बोलणंच बापाला लागलं. संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "शायर, तू बीए झालेला. हे पाय बरं. म्या जिंदगीत थेंब घेतला नाई, अन् हा कागद मले बेवडा म्हणून राह्यला."

माझं बीए तिथे कामाचं नव्हतं. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दोन भागाकार मांडले. 30 भागिले 14 आणि 300 भागिले 140. उत्तर दोन्हीकडे एकच, 2.14. "पहिले आकडे तुमचे," डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या आकड्यांचा माणूस आला असता तर मी त्याला खोदून खोदून विचारलं असतं. तुम्हाला काय विचारू?"

श्रोतेहो, सारा प्रश्न या दोन भागाकारांत आहे. एसजीपीटी हे विकर मुख्यतः यकृतात असतं. एसजीओटी यकृतात असतं, तसंच हृदयात, हातापायांच्या स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतं. 1954 साली रक्तातल्या एसजीओटीकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं ते हृदयविकाराच्या झटक्यामुळे. दिवसभर पोती उचलणाऱ्याचं एसजीओटी थोडं वर गेलं तर ते स्नायूंतूनही आलेलं असू शकतं. दोहोंच्या गुणोत्तराचं महत्त्व 1957 मध्ये फर्नांडो डी रिटिस या इटालियन डॉक्टरांनी दाखवलं, तेही विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांच्या संदर्भात. आकडे चढलेले असताना यकृताला इजा कशानं झाली असावी, याचा माग काढायला ते उपयोगी पडतं. चोरी झालीच नसेल तर पावलांचे ठसे मोजून काय हाती लागणार?

शिवाय लहान आकड्यांचा भागाकार फार चंचल असतो. मित्राचं एसजीपीटी 14 ऐवजी 16 आलं असतं तर गुणोत्तर 1.88 झालं असतं आणि बाण नाहीसा झाला असता. एवढा फरक निरोगी माणसाच्या रक्तात या आठवड्यातून त्या आठवड्यात सहज पडतो.

'नॉर्मल' ही मर्यादा तरी कशी ठरते? बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधले 95 टक्के आत ठेवतात. म्हणजे निरोगी असूनही 100 पैकी 5 जण रेषेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्याही कागदावर एखादा तरी बाण उमटण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. स्वस्तातल्या 'पॅकेज'मध्ये आपण पुष्कळदा हे बाणही विकत घेतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ही दोन विकरं मर्यादेत आहेत म्हणून यकृताची पूर्ण हमी मिळत नाही. 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू आकडे न वाढवता वर्षानुवर्षं शरीरात राहू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते. यकृतात चरबी साठली असतानाही ही विकरं नॉर्मल असू शकतात. हा विकार 2021 मध्ये केंद्र सरकारनं असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. ज्यांना मधुमेह आहे, पोट सुटलं आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टर वय, प्लेटलेट आणि हीच दोन विकरं यांचं एक वेगळं गणित मांडून यकृत कडक होऊ लागलं आहे का याचा अंदाज घेतात. काळजी करायचीच तर वजनाची, साखरेची, दारूची करावी. आमच्या भागात पिण्याच्या पाण्याची आणि क्रिएटिनीनची करावी. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, भूक मेली, वजन उतरू लागलं, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टर गाठावा.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी पाहावं, मूळ आकडे मर्यादेत आहेत का. मग विचारावं, ही तपासणी कोणत्या तक्रारीसाठी केली होती. आणि शंका उरलीच तर कागद घेऊन, आपण घेत असलेल्या गोळ्या-औषधांची यादी सोबत घेऊन डॉक्टरांपुढे बसावं. दर आठवड्याला रक्त काढून मनाचं समाधान होत नाही. नवा आकडा येतो आणि नवी झोप उडते.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्याही आधी घरात व्हायला हवी. यंत्राला भागाकार करता येतो, विचारपूस करता येत नाही. ती घरच्यांनी करायची असते. मोबाइल खाली ठेवून त्या मुलानं एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, काही त्रास होतो का?"